पाय पलंगाखाली, ताटली पलंगावर

घराचं काम काढलं की पहिल्या आठवड्यात कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. आमच्याकडे तो सासऱ्यांनी विचारला. प्लायचे तक्ते जिन्यात उभे होते, सुतार डबा उघडून बसला होता आणि सासरे फीचा आकडा चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "सोफा आपण आणायचा, पडदे आपण आणायचे, सुतार आपल्या ओळखीचा. मग ह्या इंटिरियरवाल्या बाई नेमकं काय करतात?"

"त्यांना सुचतं," मी म्हटलं.

"कुठून?"

पहिल्या प्रश्नापेक्षा हा दुसरा जास्त अवघड. कुठल्याही डिझायनरची मुलाखत काढा, या प्रश्नाला ठरलेली उत्तरं सापडतात: निसर्गातून, प्रवासातून, संगीतातून. ती खोटी असतात असं नाही, पण त्यांचा उपयोग शून्य. निसर्ग सगळ्यांनाच दिसतो. म्हणून या प्रकरणात आपण एकाच बाईच्या कामाच्या मागे जाऊ आणि तिला काय, कधी, कशामुळे सुचलं ते क्रमानं बघू. बाईंचं नाव आयलीन ग्रे. जन्म १८७८, आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यात; मृत्यू १९७६, पॅरिसमध्ये. ९८ वर्षांचं आयुष्य, आणि त्यातली बरीच वर्षं जगाला तिचा पत्ता नव्हता.

१. आधी एक राग

आयलीनचे वडील हौशी चित्रकार आणि आई सरदार घराण्यातली. एनिस्कॉर्थी गावाजवळ नदीकाठी त्यांचं जुनं, साधं घर होतं. ती वयात येत असताना घरच्या जावयाच्या आग्रहावरून ते घर बदललं आणि त्या जागी थोराड, नक्षीदार, जुन्या इंग्रजी थाटाची नक्कल करणारा वाडा उभा राहिला. आयलीनला तो कधीच आवडला नाही. जुन्या घराचा विषय निघाला की म्हातारपणीही तिची खंत बोलण्यात येई.

प्रेरणा म्हणजे काहीतरी सुंदर दिसणं, अशी आपली समजूत असते. खटकणं हीसुद्धा प्रेरणाच, आणि माझ्या मते जास्त टिकाऊ. सुंदर गोष्ट बघून माणूस "वा" म्हणतो आणि पुढं जातो. न आवडलेली गोष्ट मात्र पायात काटा राहावा तशी राहते.

१९०० साली ती आईबरोबर पॅरिसचं जागतिक प्रदर्शन बघायला गेली, मग लंडनच्या स्लेड कलाशाळेत दाखल झाली आणि १९०२ मध्ये चित्रकलेसाठीच पॅरिसला आली. इथपर्यंतची गोष्ट त्या काळच्या कुठल्याही खात्यापित्या घरच्या मुलीची असू शकते.

२. चीक आणि लाख

वळण आलं ते लंडनच्या सोहो भागातल्या डीन स्ट्रीटवर. आईच्या आजारपणामुळे ती काही काळ लंडनला परतली होती. तिथं जुने चिनी आणि जपानी पडदे दुरुस्त करणारं एक दुकान तिला दिसलं. पडदे म्हणजे कापडाचे नव्हेत, घड्या पडणारे लाकडी. त्यांच्यावरचा आरशासारखा काळा थर पाहून ती आत शिरली आणि मला हे शिकवाल का, असं विचारलं. दुकानदारानं शिकवलं. १९०६ साली ती पॅरिसला परतली तेव्हा तिथं सुगावारा नावाचा जपानी कारागीर राहत होता. वयानं तिच्याहून लहान, पण हातात मुरलेलं कसब. ती त्याच्याकडे शिकू लागली आणि पुढं कितीतरी वर्षं दोघांनी बरोबर काम केलं.

इथं थोडं थांबून हा थर म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण पुढची सगळी शैली त्यातून आली आहे.

आपल्याकडची लाख किड्यापासून मिळते. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर तो किडा ती पाझरतो. लाख उष्णतेनं वितळते. सावंतवाडीला किंवा कर्नाटकात चन्नपट्टणला खेळणी रंगवताना फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घासून ती तापते आणि रंग पसरतो. काम मिनिटांत होतं.

जपानी थराचा लाखेशी काही संबंध नाही. तो एका झाडाचा चीक असतो. झाडाचं कूळ आपल्या ओळखीचं आहे: आंबा, काजू आणि बिब्बा याच कुळातले. कैरीचा चीक ओठाला लागला की काय होतं ते आपण लहानपणी शिकतो, आणि बिब्बा कसा उततो ते ज्याला उतला त्यालाच विचारावं. पण त्याच बिब्ब्याची खूण धोब्यानं कपड्यावर केली की कपडा फाटेपर्यंत ती जात नाही. हाताला जाळणारा आणि एकदा धरला की न सुटणारा चीक, असा हा सगळा गोतावळा. आयलीनच्या हातांवर पुरळ उठलं, कातडी सोलवटली, तरी तिनं काम सोडलं नाही.

या चिकाची दुसरी गंमत अशी की तो उन्हात वाळत नाही, त्याला दमट हवा लागते. हे उलटं वाटलं तर नवीन स्लॅब आठवा. स्लॅबवर आळी करून दहा-पंधरा दिवस पाणी का साठवतात? सिमेंट पापडासारखं वाळत नसतं, पाण्याशी जुळून घट्ट होत असतं. चिकाचं रसायन निराळं आहे, पण घट्ट व्हायला ओल लागते एवढं साम्य खरं. म्हणून थर दिलेली फळी ओलसर खोलीत ठेवायची, काही दिवसांनी बाहेर काढायची, घासून गुळगुळीत करायची आणि पुन्हा थर द्यायचा.

एक छोटा हिशेब करू. थर पंचवीस धरू आणि प्रत्येक थर घट्ट व्हायला चार दिवस. पंचवीस गुणिले चार, शंभर दिवस झाले. हे नुसतं थांबणं. घासणं, नक्षी, चुकलेला थर खरवडणं हे सगळं वेगळं. चार फळ्यांच्या एका पडद्यामागं वर्षाचा मोठा भाग सहज जातो.

एवढा वेळ एका पृष्ठभागासमोर काढणाऱ्या माणसाला वरून चिकटवलेली सजावट नकोशी होत असणार. थर हीच सजावट, आणि ती वस्तूच्या आत मुरलेली. पुढं तिनं लोखंडी नळ्या आणि काच हाताळली तेव्हाही हीच नजर राहिली. शैली अशी हळूहळू हातातून डोक्यात चढते. तिचं दुसरं शिक्षणही हातानंच झालं. एव्हलिन वाइल्ड या मैत्रिणीबरोबर ती मोरोक्कोला गेली, तिथल्या बायकांकडून लोकर रंगवायला आणि विणायला शिकली, आणि परत आल्यावर दोघींनी पॅरिसमध्ये गालिच्यांचे माग टाकले.

३. गिऱ्हाईक

करिअर म्हटलं की आपल्याला पदवी, नोकरी, स्वतःचं ऑफिस असा जिना दिसतो. आयलीनच्या वेळी असा जिना नव्हताच. इंटिरियर डिझाइनची पदवी नव्हती, व्यवसायाला धड नावही नव्हतं. होतं ते एवढंच: वस्तू करायची, प्रदर्शनात मांडायची आणि वाट बघायची.

१९१३ च्या प्रदर्शनात तिच्या फळ्या जाक दूसे या नामांकित वेशभूषाकारानं पाहिल्या. हा माणूस जुन्या वस्तूंचा संग्रह विकून नवी कला विकत घेऊ लागला होता. पुढं पिकासोचं एक फार गाजलेलं चित्रही त्यानं घेतलं. त्यानं आयलीनचा लाल थराचा चार फळ्यांचा पडदा घेतला. पडद्याचं नाव 'नियती' आणि त्यावर साल १९१४. पाठोपाठ युद्ध आलं. तिनं काही काळ रुग्णवाहिका चालवली, मग सुगावाराला घेऊन लंडन गाठलं आणि १९१७ मध्ये पॅरिसला परतली.

परतल्यावर टोप्यांचा मोठा व्यवसाय असलेल्या मादाम मात्यू-लेव्ही यांनी तिला आपलं घर पूर्णपणे सोपवलं. भिंती, दिवे, गालिचे, खुर्च्या, सगळं. इथं ती वस्तू करणारी न राहता खोली करणारी झाली. या कामाकडे पुढच्या भागात परत येऊ.

१९२२ मध्ये तिनं पॅरिसच्या एका उंची रस्त्यावर दुकान काढलं. पाटीवर नाव होतं 'झां देझेर'. झां हे फ्रेंच पुरुषाचं नाव आणि देझेर म्हणजे वाळवंट, उत्तर आफ्रिकेच्या आठवणीतलं. झां नावाचा कुणी माणूस अस्तित्वातच नव्हता. बाईचं नाव पाटीवर असण्यापेक्षा न दिसणाऱ्या पुरुषाचं असलेलं धंद्याला बरं, असा तिचा हिशेब. गालिचे बऱ्यापैकी खपले, फर्निचर कमी. १९३० मध्ये दुकान बंद झालं. धंदा म्हणून बघितलं तर हे अपयशच आहे आणि तिच्यावर लिहिणाऱ्यांनी ते उगाच रंगवून सांगू नये.

मधे १९२३ च्या प्रदर्शनात तिनं एक आख्खी शयनखोली मांडली तेव्हा फ्रेंच वर्तमानपत्रांनी तिची टिंगल केली. पण हॉलंडमधल्या तरुण वास्तुकारांना ती खोली फार आवडली आणि पुढच्याच वर्षी 'वेंडिंगेन' या डच नियतकालिकानं तिच्यावर अंक काढला. चीक आणि नक्षी मागं पडून सरळ रेषा, नळ्या, काच इकडं ती वळली ती या सुमाराला. घरचे हसले आणि शेजाऱ्यांनी दाद दिली, असा प्रकार.

४. भिंत हलते

आता मादामच्या घराकडे. प्रवेशाचा लांबलचक, अरुंद बोळ ही तिथली अडचण होती. आयलीननं तो बोळ विटेच्या आकाराच्या पातळ फळ्यांनी मढवला. फळ्या शेकडो, आणि प्रत्येकीवर चिकाचे थर. कल्पना इथवर सरळ आहे. पण बोळ संपून खोली सुरू होते तिथं या विटा भिंतीपासून सुटल्या आणि काटकोनात वळून खोलीत उभ्या राहिल्या. भिंत जणू उलगडत गेली आणि तिचाच पडदा झाला.

यातूनच पुढं तिचा विटांचा पडदा आला. धातूच्या उभ्या सळ्यांत ओवलेल्या फळ्या, प्रत्येक फळी आपापल्या जागी फिरते. सगळ्या सपाट केल्या तर भिंत, तिरप्या केल्या तर मधून उजेड आणि अर्धवट दृश्य.

ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत धाकट्या भावाचं लग्न ठरलं की लोखंडी कपाट भिंतीपासून ओढून आडवं लावायचे आणि वरच्या अंतरात साडीचा पडदा टांगायचे. कपाटाची पाठ ही त्या दोघांची भिंत. भिंत म्हणजे काय? दोन माणसांमधलं अंतर. ते दगडाचं असतं, साडीचं असतं, आणि दिवसा नको असेल तर गुंडाळून ठेवता येतं. इंटिरियर डिझायनरची खरी कमाई इथं आहे. रंग निवडणं हे त्याच्या कामातलं शेवटचं आणि सोपं काम. कुणाला कुणापासून किती वेळ किती आडोसा हवा, हे ओळखणं अवघड.

५. माप कुणाचं?

आमच्या डिझायनर बाईंनी पहिल्या भेटीत एकही नमुना दाखवला नाही. सासऱ्यांना विचारलं, "आजोबा, रात्री चष्मा कुठं ठेवता?" सासरे चमकले. चष्मा उशीखाली असायचा आणि वर्षाकाठी एक काडी मोडायची. बाईंनी वहीत लिहून घेतलं. मला तेव्हा हे फीच्या मानानं फारच किरकोळ वाटलं होतं.

आयलीन ग्रेच्या खुर्च्या याच जातीच्या प्रश्नांतून निघाल्या आहेत. तिनं बघितलं की खुर्चीत कुणीच फोटोतल्यासारखं ताठ बसत नाही, माणूस एका बाजूला रेलतो, पाय आखडतो, वळून मागच्याशी बोलतो. मग तिनं एक खुर्ची केली तिला एकाच बाजूला हात. दुसरा हात काढून टाकला, शरीराला वळायला जागा राहावी म्हणून. तिचं नावही तिनं साजेसं ठेवलं: 'रूढी न मानणारी'. दुसरी खुर्ची जाडजूड, एकावर एक ठेवलेल्या टायरांसारखी. टायरच्या दुकानांवर जो फुगीर पांढरा माणूस दिसतो त्याच्या नावावरून तिला 'बिबेंडम' म्हणतात. तिसरी 'ट्रान्सॅट', समुद्रपार जाणाऱ्या जहाजांच्या डेकवरच्या आरामखुर्चीवरून सुचलेली: लाकडी चौकट, मधे झोळीसारखं सोडलेलं चामडं आणि डोकं टेकायला मागंपुढं होणारी उशी. आपल्या व्हरांड्यातली कापडी आरामखुर्ची हिची लांबची बहीण म्हणायला हरकत नाही.

पण उलगडून बघावं असं उदाहरण टेबलाचं आहे. तिच्या बहिणीला पलंगावर नाश्ता करायला आवडे. टोस्टचा चुरा पांघरुणात पडे. ही अडचण. आता आपण ती सोडवून बघू.

पलंग साधारण ४५ सेंटिमीटर उंच, वर १५ सेंटिमीटरची गादी, म्हणजे बसायची जागा ६० सेंटिमीटरवर. मांडी घालून बसलं तर ताटली त्याहून २०-२५ सेंटिमीटर वर हवी, म्हणजे जमिनीपासून ८०-८५. एवढ्या उंचीचं चार पायांचं टेबल पलंगाशेजारी ठेवलं तर काय होतं? पाय पलंगाच्या कडेला अडतात, टेबल बाजूलाच राहतं, माणसाला कमरेत वळून खावं लागतं आणि चुरा दोघांच्या मधल्या फटीत. मग पाय मांडीच्या दोन्ही बाजूंना येतील असं बुटकं टेबल गादीवरच ठेवावं? गादी हलली की चहा सांडला.

आयलीननं पाय फक्त एका कडेला ठेवले. वर काचेची गोल ताटली, सुमारे ५० सेंटिमीटर व्यासाची. एका बाजूनं खाली उतरणारी नळी. आणि तळाला नळीचंच गोल कडं. कडं पलंगाखाली सरकतं, ताटली पलंगावर येते. टेबल कलंडत का नाही? कारण तळाचं कडं ताटलीच्या बरोबर खाली, जवळजवळ तिच्याएवढंच पसरलेलं आहे; ताटलीवरचं वजन कड्याच्या आतच पडतं. बहीण उशीला रेलली तर उंची कमी हवी, उठून बसली तर जास्त, म्हणून नळी वरखाली होते, साधारण ६० पासून १०० सेंटिमीटरपर्यंत.

यात निसर्ग, प्रवास, संगीत काही नाही. एक बहीण आहे, तिची सवय आहे, आणि ती सवय मोडायला लावायची नाही असा निश्चय आहे.

६. घर नावाची वस्तू

झां बादोविची हा रुमेनियात जन्मलेला वास्तुकार आणि पॅरिसमधल्या एका वास्तुकलेच्या नियतकालिकाचा संपादक. आयलीनहून बराच लहान, तिचा मित्र आणि सोबती. तू घरच का बांधत नाहीस, असं त्यानं तिच्या मागं लागून विचारलं. वास्तुशास्त्राचं शिक्षण तिनं घेतलेलं नव्हतं आणि वय पन्नाशीला आलं होतं. १९२६ ते १९२९ या काळात दक्षिण फ्रान्समध्ये, रोकब्रून-काप-मार्तां इथं समुद्रालगतच्या उतारावर तिनं ते घर उभं केलं. जागेपर्यंत रस्ता नव्हता, सामान हातगाडीवरून वाहून न्यावं लागे. बांधकाम चालू होतं तोवर तिचा बहुतेक मुक्काम तिथंच होता.

घराचं नाव ई-१०२७. हे कोडं सोडवायला वर्णमाला पुरते. ई म्हणजे आयलीन. १० म्हणजे दहावं रोमन अक्षर जे, झांसाठी. २ म्हणजे बी, बादोविची. ७ म्हणजे जी, ग्रे. त्याच्या नावाच्या दोन्ही बाजूंना ती.

जमीन सपाट करण्याऐवजी तिनं घर खांबांवर उचललं. आधी ऊन कुठून येतं, वारा कधी फिरतो हे बघितलं. दिवाणखाना समुद्राकडे, झोपायच्या जागा सकाळच्या उन्हाकडे. खिडक्यांना सरकणाऱ्या झिलमिली, म्हणजे ऊन अडवून वारा आत. स्वयंपाकघर मुख्य घरापासून थोडं तुटक, काचेची दारं दुमडली की उघड्यावरचं होणारं. त्या भागातल्या शेतकरी बायका उन्हाळ्यात बाहेर स्वयंपाक करतात हे तिनं पाहिलं होतं. जेवणाच्या टेबलावर बुचाच्या लाकडाचा थर, ताटल्यांचा आवाज होऊ नये म्हणून. हे वाचून मला आमच्या इमारतीतल्या रात्री साडेनऊच्या भांड्यांची आठवण झाली.

आणि भिंतींवर अक्षरं. प्रवेशाजवळ 'सावकाश आत या', एके ठिकाणी 'हसण्यास मनाई', कपाटांवर उशा, पायजमे अशी आतल्या वस्तूंची नावं. आपल्याकडे डब्यांवर साबुदाणा, रवा अशा चिठ्ठ्या असतात तसंच. फरक एवढाच की आपल्या बोर्नव्हिटाच्या डब्यात तूरडाळ असते.

त्या काळात ल कॉर्ब्युझिए या मोठ्या वास्तुकाराचं मत गाजत होतं की घर म्हणजे राहण्याचं यंत्र. खांब, सपाट गच्ची, लांब खिडकी हे त्याचे विचार आयलीननं घेतले, हे मान्य करायला हवं. यंत्राची उपमा मात्र तिला पटली नाही. घर हे माणसाचं कवच आहे, त्याच्या शरीराचाच वाढलेला भाग आहे, असं ती मानत असे. दोन घरांचे नकाशे शेजारी ठेवले तर हा फरक चटकन दिसणार नाही. आरसा कुठं आहे, उजेड कुठल्या खांद्यावरून येतो, पलंगावरून हात लांब केला तर काय हाताला लागतं, हे बघितलं की दिसतो.

७. कोऱ्या भिंती

घर बादोविचीच्या नावावर होतं. काही वर्षांनी आयलीन तिथून निघाली आणि डोंगरात स्वतःसाठी छोटं घर बांधून राहू लागली. बादोविचीकडे ल कॉर्ब्युझिए पाहुणा म्हणून येत असे. १९३८ मध्ये त्यानं घराचं कौतुक करणारं पत्र आयलीनला पाठवलं, आणि १९३८-३९ या काळात त्याच घराच्या कोऱ्या भिंतींवर मोठमोठी रंगीत चित्रं काढली. आयलीनची परवानगी घेतली नव्हती. तिच्या दृष्टीनं ती नासधूस होती.

चित्रं मोठ्या माणसाची, मग बिघडलं काय, असं विचारणारे आजही भेटतात. बिघडलं ते असं: कोरी भिंत ही राहून गेलेली भिंत नव्हती. डोळा तिथं टेकावा आणि मग समुद्राकडे जावा, म्हणून ती कोरी होती. तुमच्या देवघरासमोरची मोकळी जागा 'वाया जातेय' म्हणून पाहुण्यानं तिथं शोकेस ठोकली, तर पाहुणा कितीही नावाजलेला असो, तुम्हाला काय वाटेल?

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात सैनिक त्या घरात राहिले, भिंतींवर गोळ्या झाडल्या. आयलीनचं डोंगरातलं घर लुटलं गेलं, बॉम्बहल्ल्यात तिची कितीतरी रेखाचित्रं जळाली. ई-१०२७ लोक बादोविचीचं, कधी चक्क ल कॉर्ब्युझिएचं समजू लागले. त्यानं शेजारीच आपली लाकडी झोपडी बांधली होती आणि १९६५ मध्ये त्याच किनाऱ्यावर पोहताना त्याचा मृत्यू झाला. पॅरिसमध्ये १९०७ साली घेतलेल्या रू बोनापार्तवरच्या घरात आयलीन काम करत राहिली. १९६८ मध्ये वास्तुकलेचा इतिहासकार जोसेफ रिक्वर्ट यानं तिच्यावर लेख लिहिला आणि विसरलेलं नाव पुन्हा छापून आलं. १९७२ मध्ये दूसेच्या संग्रहाचा लिलाव झाला, त्यात 'नियती' पडद्याला मोठी किंमत आली. तेव्हा ती चौऱ्याण्णव वर्षांची होती. मादाम मात्यू-लेव्हींसाठी केलेली तिची एक खुर्ची २००९ साली पॅरिसच्या लिलावात सुमारे दोन कोटी एकोणीस लाख युरोंना गेली.

८. इंदूरची खुर्ची

ही सगळी गोष्ट दूर देशातली वाटत असेल तर तिचा एक पाय आपल्याकडे आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर विशीत असताना बर्लिनचा एकार्ट मुथेसियस हा जवळपास त्यांच्याच वयाचा वास्तुकार त्यांचा मित्र झाला. १९३० ते १९३३ या काळात त्यानं त्यांच्यासाठी 'माणिक बाग' राजवाडा उभारला. आत महिरपी नाहीत, झुंबरांची गर्दी नाही. नळ्या, काच, धातू, सरळ रेषा. युरोपातल्या त्या घडीच्या उत्तमोत्तम डिझायनरांच्या वस्तू तिथं आल्या आणि त्यात आयलीन ग्रेची ट्रान्सॅट खुर्ची होती. पॅरिसकर जिचं दुकान चालू देत नव्हते, तिची खुर्ची माळव्यातल्या मराठी दरबारानं घेतली, याचं मला उगाच बरं वाटतं. १९८० मध्ये राजवाड्यातल्या सामानाचा मोनॅकोत लिलाव झाला. वास्तू इंदूरला आहे, तिथं केंद्र सरकारचं करविभागाचं कार्यालय भरतं.

रोकब्रूनचं घर दुरुस्त करून लोकांना खुलं केलं आहे. ल कॉर्ब्युझिएची चित्रंही तिथं जपून ठेवली आहेत. ती पुसायला हवी होती असं माझं मत, पण ते कुणी विचारलेलं नाही.

बहिणीसाठी केलेलं ते टेबल लंडनच्या झीव्ह अराम यांनी १९७० च्या दशकात, आयलीन हयात असताना, तिच्या संमतीनं पुन्हा तयार करायला घेतलं आणि ते आजही विकत मिळतं. उंची बदलायला नळीला भोकं आहेत, भोकात घालायला एक खुंटी आहे, आणि ती हरवू नये म्हणून टेबलालाच बारीक साखळीनं बांधलेली आहे.